सेवेतली वाकडी रेघ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



लहान मूल हौसेने आपल्या कामाला हात लावते. काम थोडे वाकडे होते. मूल आपले समाधानाने झोपी जाते. अशा वेळी मोठ्यांनी काय करावे? त्याच्या मागे ते काम गुपचूप सरळ करून ठेवावे, की आहे तसेच राहू द्यावे?

प्रश्न दिसायला अगदी घरगुती आहे. दारापुढची रांगोळी, नैवेद्याचे मोदक, देवाच्या वाती, प्रत्येक ठिकाणी तो कधी ना कधी येतो. बहुतेक वेळा आपण विचार न करताच हात घालतो आणि "चल, मी करते, तू बघ" म्हणून मोकळे होतो. पण जरा थांबून पाहिले, तर या लहानशा प्रश्नात सेवा म्हणजे काय आणि ती कुणाची, हा मोठा प्रश्न दडलेला आहे, असे मला वाटते. गेल्या वर्षी नातीबरोबर घरी एक लाकडी टेबल केले, तेव्हापासून तो मनात घोळतो आहे. म्हणून या जयंती अंकात तो आपल्यापुढे मांडतो.

श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, ते आपल्याला पाठ आहेत. आपण त्या अवधूतातच श्रीदत्तात्रेयांना पाहतो. याच स्कंधावर नाथमहाराजांनी टीका लिहिली आणि १५७३ साली काशीक्षेत्री ती पूर्ण केली. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे थोर दत्तभक्त, त्यामुळे हा ग्रंथ आपल्याला घरचाच. त्या चोवीस गुरूंत तीन गुरू एकापाठोपाठ येतात. पहिला बालक. त्याला मानापमान नाही, घरादाराची चिंता नाही, आपल्यातच रमलेला. दुसरी कुमारी. घरी पाहुणे आलेले, ती आत साळी कांडत बसलेली. हातातल्या बांगड्यांचा आवाज पाहुण्यांच्या कानी जाऊ नये म्हणून ती एकेक बांगडी उतरवत जाते आणि प्रत्येक हातात एकच ठेवते. दोन असल्या की वाजणारच. तिसरा बाण करणारा कारागीर. बाण सरळ करण्यात तो इतका रंगला, की समोरून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता लागला नाही.

आता गंमत बघा. कारागीर म्हणतो, एकाग्र हो. कुमारी म्हणते, एकटा राहा. आणि बालक? बालक आपल्या घरात असेल तर या दोन्ही गोष्टी होणे कठीण! हातात रंधा धरून बसावे, तर पाच मिनिटांत पंधरा प्रश्न. मग गृहस्थाने यातला कोणता गुरू धरायचा?

माझा गेल्या वर्षीचा अनुभव सांगतो. मी मुलुंड पूर्वेला राहतो. नोकरी सगळी भांडुपच्या एका कारखान्यात, पॅटर्न शॉपमध्ये झाली. लोखंडाचा भाग ओतायचा, तर आधी तसाच लाकडी नमुना करावा लागतो, त्याला पॅटर्न म्हणतात. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात रस ओतायचा. ओतलेले लोखंड थंड होताना शंभरात साधारण एक भाग आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा ठेवतात. त्यासाठी आमच्याकडे मोजपट्टीसुद्धा निराळी असे. असल्या कामात हात आणि डोळा कडक होतो. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, इकडचा तिकडे झाला तर मला जेवण गोड लागत नाही.

दरवर्षी दत्तजयंतीच्या सप्ताहात मी गुरुचरित्राचे पारायण करतो. पाटावर बसून, चौरंगावर पोथी. गेली दोन वर्षे गुडघे साथ देईनात. देवळातल्या गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "काका, शरीराला झेपेल तसे बसा. पोथी मात्र आसनापेक्षा खाली नको." तेव्हा ठरवले, की खुर्चीवर बसून वाचता येईल असे, फक्त पोथीसाठी टेबल करायचे.

लाकूड घरातच होते. आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली, तेव्हा घराचे सागवानी दार आणि चौकट मी भंगारात जाऊ दिली नव्हती. चौकट वखारीत नेऊन दोन इंच चौरस पायांसाठी चिरून आणली. वरचा फळा दाराचा. मापे साधी. फळा दोन फूट बाय दीड फूट, पुढून सत्तावीस इंच उंच, मागून अठ्ठावीस. म्हणजे वाचणाऱ्याकडे थोडा उतार. पोथी खाली घसरू नये म्हणून पुढच्या काठावर एक बारीक पट्टी.

दिवाळीच्या सुट्टीत नात आली. वय आठ, इयत्ता तिसरी. "आजोबा, मी पण करणार." सोसायटीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद, त्यामुळे सकाळी गच्चीवर बसायचो. करवत, पटाशी आणि ड्रिल माझ्याकडे. पेन्सिल, गुण्या, पॉलिश पेपर आणि स्क्रू पिळणे तिच्याकडे. पहिल्या दिवशी तिने जुने खिळे मोजून डब्यात भरले. दुसऱ्या दिवशी पाय घासले. घासताना रेषांच्या दिशेने हात फिरवायचा, आडवा नाही, हे एकदा सांगितले तर दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही.

तिचे प्रश्न मात्र संपत नव्हते. "टेबल डुगडुगतं का?" मी म्हटले, "तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही. तीन टोकं कुठल्याही जमिनीवर टेकतातच. चौथा पाय आला की भांडण सुरू." ती लगेच म्हणाली, "मग तीनच पाय लावू या की!" दत्तगुरूंच्या घरी त्रयीचे महत्त्व आहेच, पण कडेवर भार पडला तर तीन पायांचे टेबल उलटते, हेही तिला करून दाखवावे लागले. फळा खालून बसवताना मी भोके लांबट केली. "गोल का नाही?" मग पावसाळ्यात आपले दार का घट्ट बसायचे ते सांगितले. मुंबईच्या दमट हवेत लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. तेही लांबीत जवळजवळ नाही, रुंदीत. स्क्रू गोल भोकात आवळून टाकला, तर फळ्याला हलायला जागा राहत नाही आणि तो तडकतो. हे ऐकून ती फळ्याला म्हणाली, "बरं बाबा, तुला जागा ठेवली हं."

पुढची पट्टी तिने एकटीने बसवायची, असे ठरले होते. रेघ तिनेच मारली, स्क्रू तिनेच पिळले. पट्टी बसली आणि मला लांबूनच दिसले, की उजवे टोक दोन सूत वर गेले आहे. मी म्हटले, "बाळा, जरा मापून बघ." तिने दोन्ही टोके मापली, ओठ चावला आणि विचारले, "आजोबा, पोथी घसरेल का?" म्हटले, "घसरणार नाही." "मग असू दे ना!" आणि पाणी प्यायला पळाली.

आदल्या दिवशी आणखी एक झाले होते. एका पायाचा स्क्रू तिरका गेला होता, पाय हलत होता. तो मात्र मी तिच्यासमोर काढला, तिच्याच हाताने भोकात लाकडाची बारीक काडी आणि फेव्हिकॉल भरून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी स्क्रू पुन्हा सरळ पिळून घेतला. ती कुरकुरली, पण केले.

रात्री खरी परीक्षा. आमच्या कट्ट्यावरचे एक स्नेही टेबल बघायला आले होते. म्हणाले, "अहो, पोरगी झोपली आहे. दोन स्क्रूंचं काम. सरळ करून टाका, तिला कळणारही नाही. सकाळी तिचा आनंद तसाच, तुमचं टेबलही नीट." सौभाग्यवतीचे म्हणणे त्याहून वजनदार होते. "देवाच्या कामाला वाकडं कसं चालेल? आपण फूल किडकं वाहत नाही, अक्षता तुटक्या घेत नाही."

हा आक्षेप हलका नाही. अक्षता म्हणजेच अखंड तांदूळ. देवाला द्यायचे ते उत्तम द्यावे, ही आपली रीत आहे आणि ती योग्यच आहे. माझी चाळीस वर्षांची सवयही त्यांच्याच बाजूने बोलत होती. कारखान्यात वाकडा पॅटर्न कुणाच्या भावना बघून पास करत नाहीत, करूही नये. त्यातून ओतलेला भाग कुठल्या तरी यंत्रात बसणार, त्या यंत्रापाशी माणूस उभा राहणार.

पण विचार करता करता मला दोन वाकडेपणांतला फरक दिसू लागला. हलणारा पाय दुसऱ्याला इजा करणारा होता. तो दुरुस्त व्हायलाच हवा होता आणि झालाही, मात्र उघड, तिच्यादेखत, तिच्या हाताने. पट्टीचा वाकडेपणा कुणाला इजा करत नव्हता. पोथी तिच्यावर नीट टेकत होती. खुपत होते ते माझ्या डोळ्याला, म्हणजे खरे तर माझ्या कारागिरीच्या अभिमानाला. आणि तिला मी ते आधीच खरे खरे सांगितले होते, निर्णय तिने घेतला होता. आता तिच्या मागे तो फिरवायचा, म्हणजे सकाळी तिच्या नावावर माझे काम चढवायचे. देवापुढे जाऊन "ही नातीची सेवा" म्हणायचे आणि सेवा माझी ठेवायची. फूल किडके नको हे खरे, पण बदललेले फूल तिने वाहिले म्हणून सांगणे, हे कसे चालेल?

"तिला कळणारही नाही" हे त्या गृहस्थांचे शब्द मायेचेच होते. पण ज्याच्यासाठी टेबल करतो आहोत, त्याला तर कळते ना? दत्तगुरूंपुढे बसायचे आणि समोर आपणच लपवाछपवी करून ठेवलेली पट्टी! ती सरळ असती, तरी मला वाकडीच दिसली असती.

या वेळी गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायाची आठवण झाली. कुष्ठाने पीडलेला नरहरी गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींना शरण येतो. गुरू त्याला औदुंबराचे वाळलेले लाकूड देतात, संगमावर रोवून रोज पाणी घालायला सांगतात. लोक हसतात. वाळक्या लाकडाला कधी पालवी फुटते का? त्याला वेडा म्हणतात, सोडून दे म्हणतात. तो निष्ठेने पाणी घालत राहतो. अखेर गुरू स्वतः तिथे येतात, आपल्या कमंडलूतले पाणी शिंपडतात, लाकडाला पालवी फुटते आणि नरहरीची काया शुद्ध होते.

ही कथा किती वेळा वाचली असेल! पण त्या रात्री मला त्यात निराळेच दिसले. गुरूंनी त्याला नावापुरते काम दिले नाही. काम खरे होते, कष्टाचे होते आणि ते त्याचेच होते. गुरू समर्थ होते. पहिल्याच दिवशी, कुणी बघत नसताना, पालवी फोडून ठेवता आली असती. तसे त्यांनी केले नाही. त्याची सेवा त्याला पुरी करू दिली आणि कृपा केली ती सर्वांदेखत, त्या सेवेनंतर. त्याच ग्रंथात तंतुक नावाचा विणकर आहे. आपला धंदा सांभाळून तो रोज मठाचे अंगण झाडायला येई. त्याच्यावर श्रीगुरूंची केवढी कृपा झाली, ते आपण जाणता. तो गेल्यावर मागून कुणी ते अंगण पुन्हा झाडून काढले, असे निदान मी तरी वाचलेले नाही.

शिक्षणाच्या क्षेत्रातल्या थोर माणसांनी हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने सांगितली. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमची कल्पना मांडली, तेव्हा मुलांच्या हाती टकळी दिली ती खेळायला नाही. त्या सुताचे खरे कापड व्हावे, असा आग्रह होता. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. आपल्या पश्चिम रेल्वेच्या टोकाचा तो भाग. लहान मुलाला लहान पण खरी वस्तू द्यावी, त्याच्या हाताला खरे काम द्यावे, ही त्यांच्यापर्यंत पोचलेली माँटेसरीबाईंची शिकवण. खोटे काम देऊन "वा, काय छान" म्हटले, तर मूल चार दिवस फसते. पाचव्या दिवशी त्याला कळते, की आपल्या करण्या न करण्याने इथे काही फरक पडत नाही. मग ते मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसते आणि आपण म्हणतो, "हल्लीच्या मुलांना कशाची आवडच नाही."

अर्थात याची दुसरी बाजू विसरून चालणार नाही. सेवेच्या नावाखाली मुलांना राबवणे हेही पाप आहे. आपल्याच शहरात कारखान्यांतून, हॉटेलांतून कोवळ्या हातांनी किती वर्षे कामे केली, हे आपल्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. मदत कुठे संपते आणि वेठ कुठे सुरू होते? माझ्यापुरते उत्तर असे. "कंटाळा आला" म्हणून उठून जायची मोकळीक मुलाला असेल, तोवर ती मदत. आमची नात रोज तासाभरात उठून खेळायला जायची. मी तिला अडवत नसे, आणि तिचे राहिलेले काम तिच्यासाठी ठेवत असे. टेबलाला नऊ दिवस लागले. एकट्याने ते दोन दिवसांत झाले असते.

त्या सात दिवसांचे काय, असे आपण विचाराल. तिथेच मला त्या तीन गुरूंचे थोडेसे उमगले. संन्याशाने दुसरी बांगडी उतरवावी. गृहस्थाच्या हातात ती राहणार, कारण ती आपल्याच माणसांची आहे. मग तिचा आवाज चुकवून एकाग्र व्हायचे, की त्या आवाजासकट? बाण करणाऱ्याला राजाची स्वारी दिसली नाही, हे त्याचे थोरपण. पण शेजारी बसलेले मूल दिसले नाही, तर त्याला कुणी थोरपण म्हणेल का? माझी समजूत अशी, की स्वारी म्हणजे मान, डौल, लोक काय म्हणतील हे सगळे. ते दिसू नये. हातातले काम दिसावे, आणि ज्याच्याबरोबर ते करतो आहोत तोही दिसावा.

गेल्या जयंतीला मी त्या टेबलावर पारायण केले. खोटे कशाला सांगू, पहिले दोन दिवस ओवी वाचता वाचता नजर त्या दोन सुतांवर जाई आणि वाचनाचा धागा तुटे. तिसऱ्या दिवसापासून नजर जायची ती जायचीच, पण चिडचिड कमी झाली. पट्टी दिसली, की पोरीचा चावलेला ओठ आठवायचा. सात दिवसांत पट्टी काही सरळ झाली नाही. पारायण मात्र पुरे झाले.

यंदा दिवाळीत नात पुन्हा आली. आता चौथीत. टेबल पुसताना थांबली, दोन्ही टोकांना बोट लावून म्हणाली, "आजोबा, ही फारच वाकडी आहे हो. मी काढून परत लावू?" तिला काही सांगावे लागले नाही. तिने गुण्या मागून घेतला, रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. या वेळी पट्टी सरळ बसली. जुनी दोन भोके मात्र उघडी राहिली. मी म्हटले, "लाकडाचा भुसा आणि फेव्हिकॉल भरून बुजवू या?" तर म्हणते, "नको. गेल्या वर्षीची आहेत ती. राहू दे."

मागच्या वर्षी त्या रात्री मी स्क्रू काढले असते, तर हा दिवस तिच्या वाट्याला आला नसता. आपली चूक आपल्या डोळ्यांनी पाहणे आणि आपल्या हाताने सरळ करणे, हा तिचा हक्क होता. देव आणि सद्गुरू आपल्या बाबतीत तरी दुसरे काय करतात? आपला जप अडखळत होतो, पूजेत मन भरकटते, पारायणात ओव्या निसटतात. ते सगळे ते आपल्या नावावर तसेच ठेवून घेतात, मागून खाडाखोड करत नाहीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बसायची संधी देतात.

म्हणून आपल्या सर्वांना एक विनंती. यंदा मार्गशीर्ष पौर्णिमेला नातवंडे देवळात येतील. त्यांना नुसती प्रसादाच्या रांगेत उभी करू नका. काही खरे काम द्या. वाती वळू द्या, औदुंबराचा पार झाडू द्या, पाळण्याला फुले बांधू द्या. धोक्याचे असेल ते त्यांच्यादेखत दुरुस्त करा. बाकी एखादी वात जाड होईल, एखादे तोरण एका बाजूला लोंबेल. लोंबू द्या. विचारले तर खरे सांगा. मात्र ती घरी गेल्यावर शिडी लावून ते सरळ करायला जाऊ नका.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!